एकदाच विचारतात!

अमेरिकेतल्या माझ्या पहिल्या शुक्रवारची गोष्ट. गाव कोलंबस, राज्य ओहायो. ऑफिसातल्या एका सीनियर बाईंनी टीममधल्या नव्या पोराला घरी जेवायला बोलावलं होतं. नवं पोर म्हणजे अस्मादिक. संध्याकाळी मेजवानी आहे म्हणून दुपारी लंचला मुद्दाम अर्धंच सँडविच खाल्लेलं. टेबलावर भाजलेले बटाटे, मक्याची कणसं, गरम ब्रेड आणि मी व्हेजिटेरियन म्हणून खास माझ्यासाठी केलेला चीजवाला पास्ता. पहिलं वाढून घेतलेलं संपलं. बाईंनी पास्त्याचं भांडं पुढे करून विचारलं, 'आणखी घेणार?' आणि लहानपणापासूनचे संस्कार जागे होऊन माझ्या तोंडून आपोआप निघालं, 'नो, थँक यू!'

'ओके,' बाई म्हणाल्या. भांडं खाली. झाकण बंद. विषय संपला.

मी आपला वाट बघतोय. आता परत विचारतील. मग मी 'नको, खरंच नको' म्हणेन. मग त्या म्हणतील, 'अरे, काहीच घेतलं नाहीस.' मग मी 'बरं, अगदी थोडा' म्हणून ताट पुढे करेन. सगळा सीन डोक्यात तयार होता, पण समोरच्या पात्राला स्क्रिप्टच मिळालेलं नव्हतं! रात्री साडेनऊला अपार्टमेंटवर परत आलो आणि बॅगेतून आणलेल्या पार्ले-जीचा अख्खा पुडा पाण्यासोबत संपवला. वर रूममेटला म्हणालो, 'काय कंजूष लोक आहेत राव हे!'

कंजूष त्या नव्हत्याच. माझ्यासाठी त्यांनी वेगळा पास्ता केला होता. मी जे बोललो त्यावर त्यांनी विश्वास ठेवला, इतकंच.

मागच्या वेळी क्रेडिट स्कोअरने तुमचं डोकं भरपूर खाल्लं, म्हणून आज जरा हलकं घेऊ म्हटलं. पण लिहायला बसलो तर लक्षात आलं, हा विषय दिसतो तितका हलका नाही. ऑनसाइट जाणाऱ्या, एमएसला निघालेल्या किंवा लग्न करून तिकडे चाललेल्या प्रत्येकाला व्हिसाच्या कागदांसोबत एक वाक्य लॅमिनेट करून द्यायला हवं: तिकडे एकदाच विचारतात.

आपल्याकडे पहिलं 'नको' हे उत्तर नसतंच, ते नमस्कारासारखं असतं. ते म्हणायचं असतं. पहिल्याच झटक्यात 'हो, द्या' म्हणणारा हावरट आणि पहिल्याच 'नको'ला थांबणारा यजमान कोरडा. त्या दोन टोकांमधे जो खेळ चालतो त्याला आपण आग्रह म्हणतो, आणि त्यात प्रेम मोजलं जातं. पंगतीत जिलबी वाढणाऱ्या काकांना हात आडवा करून थांबवता येतं, असं मला तरी कधी दिसलेलं नाही.

अमेरिकन माणसाला हा खेळ माहीतच नाही. त्याच्या लेखी दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे तुमच्या शब्दावर शंका घेणं. तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे दादागिरी. तिकडे तीन वर्षांच्या पोराला हॉटेलात वेट्रेस थेट विचारते, 'तुला दूध हवं की ज्यूस?' पोरगं जे बोलेल ते येतं, मग आईच्या कपाळावर आठी का पडेना. तुझ्या मनात काय आहे ते तुलाच ठाऊक, तर तूच सांग, हे बाळकडू तिथे हायचेअरवरच मिळतं. मला विचाराल तर या दोन्हीतलं एक बरोबर आणि एक चूक असं काही नाही. पण भूक लागली असेल तर कुठल्या देशात बसलोय हे आठवलेलं बरं.

आता तुम्ही म्हणाल, मग ते दिवसातून चाळीस वेळा 'हाऊ आर यू?' विचारतात त्याचं काय? तो प्रश्नच नाही, बॉस. आपण जिन्यात शेजाऱ्याला 'काय, ऑफिसला?' म्हणतो ना, तसं आहे ते. समोरच्याच्या खांद्यावर लॅपटॉप, हातात डबा, सकाळचे साडेआठ. तो काय सिनेमाला चाललाय? 'हाऊ आर यू'ला 'गुड, हाऊ अबाउट यू?' एवढंच म्हणायचं, तेही चालता चालता. मी एकदा दुकानातल्या कॅशियर मुलीला माझी सर्दी सविस्तर सांगितली होती. तिने शांतपणे ऐकली. मागच्या रांगेने नाही ऐकली.

तसंच 'वुई शुड गेट टुगेदर समटाइम'. नवखा माणूस हे ऐकून घरी जातो, वीकेंड मोकळा ठेवतो आणि फोन येत नाही म्हणून चिडतो. 'सगळे वरवरचे आहेत, दाखवायचे दात!' असं पहिल्या सहा महिन्यांत आपल्यातला प्रत्येकजण म्हणतोच. पण मंडळी, आपण लग्नाच्या हॉलमधे भेटलेल्या लांबच्या वहिनींना 'या हं एकदा घरी' म्हणतो, तेव्हा त्या रविवारी सकाळी बॅग घेऊन दारात उभ्या राहिल्या तर? तेच हे. तिकडे फरक ओळखायची सोपी खूण म्हणजे तारीख. तारीख नसेल तर ते गोड बोलणं समजायचं. 'शनिवारी सहाला मोकळा आहेस का?' आलं की ते खरंखुरं आमंत्रण. आणि मग सहा म्हणजे सहा. लहान मुलांच्या बर्थडे पार्टीच्या कार्डावर तर '२ ते ४' असं छापलेलं असतं. त्यातला 'ते ४' हाही आमंत्रणाचाच भाग आहे बरं का! आम्ही पाच वाजेपर्यंत सोफ्यावर गप्पा छाटत बसलो होतो आणि यजमान हसत हसत आमच्या पायांखालून फुगे गोळा करत होते.

तरीही खरा पेपर नोव्हेंबरात असतो.

थँक्सगिव्हिंग हा तिथला मोठा घरगुती सण. नोव्हेंबरातला चौथा गुरुवार. काँग्रेसने १९४१ साली कायदा करून हा दिवस पक्का केला. जिथे तिथे माणसं आपापल्या गावी निघतात, विमानतळांवर आपल्या दिवाळीतल्या एसटी स्टँडसारखी झुंबड. त्या गुरुवारी रस्त्यावर शुकशुकाट, बहुतेक दुकानं बंद. नव्याने गेलेल्या एकट्या माणसाला वर्षातला सगळ्यात मोठा वाटणारा दिवस हाच. बर्फ पडायच्या बेतात, साडेपाचला अंधार आणि समोरच्या प्रत्येक खिडकीत पिवळा दिवा. घरी फोन करावा तर भारतात मध्यरात्र.

आणि गंमत अशी, की त्याच्या आठवडाभर आधी ऑफिसात तुम्हाला कुणीतरी विचारलेलं असतं, 'थँक्सगिव्हिंगला काय प्लॅन?' आपण काय म्हणतो? 'हो हो, आहे ना, मित्र वगैरे...' कशाला कुणाला आपली दया यायला हवी! आणि तिथेच फसतो. कारण तो प्रश्न बऱ्याचदा आमंत्रणाच्या आधीची चाचपणी असतो. तुमचा प्लॅन असेल तर आमंत्रण देऊन तुम्हाला संकटात टाकायचं नाही, हा त्यांचा शिष्टाचार. तुम्ही 'आहे' म्हणालात की ते आमंत्रण तसंच ओठांवरून परत जातं, आणि कधी परत गेलं ते तुम्हाला कळतही नाही. 'नाही, काहीच प्लॅन नाही' एवढं खरं बोलून बघा. त्या दिवशी एखादी जादा खुर्ची मांडण्यात त्या लोकांना मनापासून आनंद असतो. टर्की खात नसाल तर आधीच सांगा. रताळी, बीन्स, क्रॅनबेरी आणि पंपकिन पाय यांच्यावर आरामात पोट भरतं. आणि 'आणखी घेणार?' म्हटल्यावर काय म्हणायचं, ते आता सांगायला नकोच.

जाताना काय न्यायचं हे विचारलंत तर 'काही नको, नुसता ये' म्हणतील. इथे मात्र नियम उलटा होतो! रिकाम्या हाताने जायचं नाही. फुलं, वाइन, मिठाई, काहीही छोटंसं. (एवढी मोठी थिअरी मांडून लगेच अपवाद सांगतोय, मला माहितेय. माणसं आहेत, एक्सेल शीट नाही.)

पॉटलक असेल तर प्रत्येकाने एक पदार्थ करून न्यायचा, आणि इथे आपल्या मराठी स्वयंपाकघराला एक सिरियस सूचना. आपली साबुदाण्याची खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी, सगळ्यांत दाण्याचं कूट. कूट दिसत नाही, वासालाही पटकन येत नाही. तिकडे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी ही थट्टा नाही. काहींना एका घासाने श्वास घेता येईनासा होतो, आणि ते इंजेक्शन खिशात घेऊन फिरतात. पाकिटबंद पदार्थांवर मोठ्या अ‍ॅलर्जी ठळक लिहिणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि जानेवारी २०२३ पासून त्या यादीत नववं नाव आलंय ते तिळाचं. म्हणजे संक्रांतीच्या लाडवात दोन्ही एकदम! तेव्हा डब्यावर चिठ्ठी चिकटवा: यात शेंगदाणे आहेत, यात तीळ आहेत. तिथे अगदी नॉर्मल मानतात ते. 'त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं' हा आपला बचाव इथे कामाचा नाही.

न बोलता कळून घ्यायची आणखी एक गोष्ट म्हणजे टिप. बसून जेवायच्या रेस्टॉरंटमधे बिलावर १८ ते २० टक्के. कुणी मागत नाही, पण न देता उठलात तर जेवण वाढणाऱ्या माणसाचं थेट नुकसान. कारण टिप मिळणाऱ्या कामगारांना मालकाने द्यायचा किमान पगार केंद्राच्या कायद्यात तासाला २ डॉलर १३ सेंट आहे, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. टिप धरूनही सर्वसाधारण किमान वेतनाचा आकडा भरला नाही तर वरची रक्कम मालकाने द्यायची, असं कायदा म्हणतो. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टनसारख्या काही राज्यांत मात्र टिप पगारात धरताच येत नाही. सिस्टिम अजब आहे, मान्य. पण तिच्याशी भांडायचं असेल तर त्या वेट्रेसच्या खिशातून नको. कॉफीच्या काउंटरवर टॅबलेट गर्रकन फिरवून तुमच्यासमोर टक्के धरतात, तिथे हवं तर बिनधास्त 'नो टिप' दाबा.

हॅलोविनची एक खूण मला फार आवडते. ३१ ऑक्टोबरला पोरं घरोघर चॉकलेटं मागत फिरतात. ज्याच्या पोर्चमधला दिवा चालू, त्याच्याकडे जायचं. दिवा बंद तर पुढचं घर. बेल वाजवून 'अहो, आहात का?' नाही, रुसवा नाही.

हा कॉलम लिहून मी फार नवं काही करतोय अशा भ्रमात होतो. पण पंडिता रमाबाईंनी हेच काम १८८९ साली करून ठेवलंय! अमेरिकेत फिरून आल्यावर त्यांनी तिथली माणसं, घरं, शाळा, चालीरीती यांच्यावर मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं, 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. त्याच्याही आधी, १८८३ च्या जूनमधे आनंदीबाई जोशी बोटीतून न्यूयॉर्कला उतरल्या आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. ही ओळख कशी झाली? गोपाळरावांचं एक पत्र मिशनरी मासिकात छापून आलं होतं, ते या बाईंनी वाचलं आणि स्वतःहून आनंदीबाईंना पत्र लिहिलं. ना नातं, ना गाव. पुढे तीन वर्षांनी फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या, तेव्हा पदवीदानाला रमाबाई हजर होत्या. 'अमेरिकन लोक वरवरचे' असं कुणी म्हटलं की मला हे रोझेलचं घर आठवतं.

आता ऑफिसकडे येऊ, कारण 'एकदाच विचारतात'चे खरे चटके तिथेच बसतात. 'शुक्रवारपर्यंत होईल का?' असं कॉलवर विचारलं की आपण म्हणतो, 'होईल की!' आपल्या 'होईल'मधे प्रार्थना असते, थोडा आदर असतो, समोरच्याला नाही कसं म्हणायचं हा संकोच असतो. त्यांच्या कॅलेंडरमधे फक्त शुक्रवार जातो. मग शुक्रवारी जे होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना उशीर चालतो, असं मी म्हणत नाही. पण 'नाही होणार, सोमवारी देतो' हे मंगळवारी ऐकलेलं त्यांना बरंच चालतं.

आणि आता ती गोष्ट, जी लिहावी की नाही याचा दोन दिवस विचार केला. ज्याची आहे त्याला विचारून लिहितोय.

माझा एक दोस्त. त्याचे वडील सांगलीला अचानक हॉस्पिटलमधे अ‍ॅडमिट झाले. पहाटे भावाचा फोन आला, सकाळी हा नेहमीसारखा ऑफिसला. चेहरा बघून मॅनेजरने केबिनमधे बोलावलं. 'सगळं ठीक आहे ना? तुला सुट्टी हवी आहे का?' हा म्हणाला, 'नाही नाही, तशी गरज नाही. भाऊ आहे तिथे.' मॅनेजर म्हणाला, 'ओके. काही लागलं तर सांग.' बस्स.

याच्या मनात होतं, तो म्हणेल, अरे गरज कशी नाही, वडील आहेत तुझे, जा. रिलीज तोंडावर होतं, आपण स्वतःहून मागायचं कसं? तो दिवस गेला, दुसरा गेला. हा रात्री भावाशी बोलायचा, दिवसा कोड लिहायचा आणि मॅनेजरला मनातल्या मनात शिव्या घालायचा. दगड आहे हा माणूस. एकदाही परत विचारलं नाही. चौथ्या दिवशी ऑफिसातला एक जुना तेलुगू सीनियर त्याला म्हणाला, 'तू मागितलंस का? मग त्याला कसं कळणार?' हा तसाच केबिनमधे गेला आणि एका दमात म्हणाला, 'माझे वडील आयसीयूत आहेत. मला घरी जायचं आहे.' मॅनेजर खुर्चीतून उठलाच. 'मग तू अजून इथे काय करतोयस? आजच नीघ. तू तर म्हणाला होतास, गरज नाही!' त्याचा आवाज चिडका नव्हता, घाबरलेला होता. तिकीट बघायलाही तोच बसला.

सहाव्या दिवशी हा सांगलीला पोचला. वडिलांनी ओळखलं, हात दाबला. पण बोलणं आदल्या दिवशी थांबलं होतं, ते पुन्हा सुरू झालं नाही.

त्या चार दिवसांचा हिशोब तो करत नाही. निदान आमच्यासमोर तरी नाही. त्याने माझ्याकडून एवढंच मागितलं, की जे नवे जाणार आहेत त्यांना कायदा पण सांग. तर सांगतो: अमेरिकेत १९९३ चा फॅमिली अँड मेडिकल लीव्ह अ‍ॅक्ट आहे. आईवडील, नवरा-बायको किंवा मूल गंभीर आजारी असेल तर वर्षात १२ आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा मिळते आणि नोकरी सुरक्षित राहते. कंपनी पुरेशी मोठी असावी लागते, म्हणजे ५० किंवा जास्त माणसांची, आणि तुमचं तिथे किमान एक वर्ष झालेलं असावं लागतं. बाकीच्या अटी एचआरकडून समजून घ्या. वर्ष झालं नसेल तरीही विचाराच. बऱ्याच मॅनेजर्सना नियमापेक्षा जास्त करायची इच्छा असते. पण तुमच्या तोंडून ते एक वाक्य बाहेर पडल्याशिवाय त्यांच्या बाजूने काहीच हलत नाही.

मला स्वतःला 'यस, प्लीज' म्हणायला सहज वर्ष लागलं. अजूनही म्हणताना कानामागे आईचा आवाज येतो, 'हावरटासारखं करू नये.'

त्याच आईकडे, पुण्यात, मागे आमच्या कोलंबसच्या टीममधला एक उंचापुरा गोरा गडी जेवायला आला होता. दहा दिवसांसाठी आलेला, सभ्य माणूस. पुरणपोळीचा बेत. दुसऱ्या पोळीनंतर तो म्हणाला, 'नो, थँक यू.' आई म्हणाली, 'लाजतोय रे तो,' आणि तिसरी वाढली. वर तूप. पुन्हा 'नो, थँक यू', पुन्हा पोळी. पाच झाल्या. गाडीत बसल्यावर त्याने पोटावर हात ठेवून मला अगदी प्रामाणिकपणे विचारलं, 'तुमच्याकडे किती वेळा नो म्हटलं की ते नो होतं?' मी त्याला ट्रिक शिकवली: दोन्ही हात ताटावर आडवे धरायचे आणि अजिबात हलवायचे नाहीत.

रविवारी तो परत जेवायला आला. बासुंदीचा बेत होता. वाटी रिकामी झाल्या झाल्या पठ्ठ्याने दोन्ही हात ताटावर झाकणासारखे धरले आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

आईने दुसरी वाटी आणली.